मोजणाऱ्यालाच आधी काढलं

बेल्जियममधल्या गील गावच्या एका गोदामात ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधकं पडून होती. तांब्या, दंडात बसवायच्या काड्या, इंजेक्शनं, गोळ्या. पैसे अमेरिकी करदात्याने आधीच मोजले होते, मुदत संपायला वेळ होता, आणि बहुतेक माल टांझानिया, केनिया, काँगो, झांबिया, माली इथल्या दवाखान्यांत जायचा होता. जुलै २०२५मध्ये अमेरिकी सरकारने ठरवलं, हा माल फ्रान्समध्ये नेऊन जाळायचा. जाळण्याचा खर्च १ लाख ६७ हजार डॉलर. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी म्हणाला, आम्ही विकत घेतो. इतर संस्था म्हणाल्या, आम्हाला द्या, पोहोचवायचं आम्ही बघतो. नकार मिळाला. सरकारी निवेदनात या साधनांना गर्भपात घडवणारी म्हटलं गेलं. त्या मालात गर्भपाताचं एकही औषध नव्हतं.

मला एवढंच विचारायचं आहे: जाळायचं ठरवण्याआधी कुणी काय तपासलं?

२० जानेवारी २०२५ला ट्रम्प यांनी सही केलेल्या आदेशात परकीय मदत ९० दिवस थांबवून तिचं मूल्यमापन करा, असं लिहिलं होतं. मूल्यमापनाला माझी हरकत नाही. पैसा जनतेचा आहे आणि तो बाईच्या शरीराशी संबंधित कामावर खर्च होतो आहे. दोन्ही कारणांनी तो तपासलाच पाहिजे. पण १० मार्चला परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांनी जाहीर केलं की सहा आठवड्यांचा आढावा संपला, यूएसएड या अमेरिकी मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द. म्हणजे सुमारे ५,२०० करार. सहा आठवड्यांत एवढे करार नुसते वाचूनही होणार नाहीत. एका कराराने एका जिल्ह्यात काय बदललं हे बघायचं तर गावोगाव जावं लागतं, नोंदवह्या उघडाव्या लागतात, बायकांशी बोलावं लागतं. यातलं काहीही झालं नाही. निकाल आधी लिहिला गेला आणि त्यावर आढाव्याचा शिक्का मारला. १ जुलैला यूएसएड ही संस्थाच बंद झाली.

रक्कम केवढी होती तेही पाहा. कुटुंब नियोजन आणि प्रजनन आरोग्यासाठी अमेरिका गेली कित्येक वर्षं दरसाल ६० कोटी ७५ लाख डॉलर बाजूला काढत होती, लोकसंख्या निधीचे ३ कोटी २५ लाख धरून. एका अमेरिकी माणसामागे वर्षाला दोन डॉलरही नाहीत. गटमाखर इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने एवढ्या पैशात वर्षाला ४ कोटी ७६ लाख बायकांना आणि जोडप्यांना साधनं मिळत आणि ३४ हजार मातामृत्यू टळत. हा अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नाही. तो निम्म्याने चुकला असं धरा. तरी १७ हजार बायका होतात.

पुरावा नव्हता म्हणून असे निर्णय झाले, असं कुणी सांगू नये. पुरावा ढिगाने आहे.

ऑगस्ट १९८४मध्ये मेक्सिको सिटीत लोकसंख्येवरची जागतिक परिषद भरली. तिथे रेगन सरकारने नियम आणला: परदेशातली जी स्वयंसेवी संस्था गर्भपाताची सेवा देईल, त्याबद्दल सल्ला देईल, कायदा सैल करा म्हणून बोलेल, तिला अमेरिकेचा कुटुंब नियोजनाचा पैसा मिळणार नाही. हे सगळं ती स्वतःच्या वेगळ्या पैशातून करत असली तरी नाही. अमेरिकी मदत गर्भपातावर खर्च करायला १९७३च्या हेल्म्स दुरुस्तीने आधीच बंदी होती. तेव्हा नव्या नियमाने पैसा वाचवायचा नव्हता, डॉक्टरचं आणि नर्सचं तोंड बंद करायचं होतं.

या नियमाला पहिला ठाम नकार देणाऱ्यांत एक संघटना मुंबईत जन्मलेली आहे. आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व महासंघाची स्थापना नोव्हेंबर १९५२मध्ये आपल्या मुंबईत झाली, धन्वंती रामा राव आणि मार्गारेट सँगर यांच्या पुढाकाराने. १९८४मध्ये त्याच्या अध्यक्ष होत्या आवाबाई वाडिया, मुंबईच्याच, भारतीय कुटुंब नियोजन संघटनेच्या संस्थापक. महासंघाने या अटीवर सही केली नाही, अमेरिकेचा पैसा सोडला. २०१७मध्ये पुन्हा तीच वेळ आली तेव्हा १० कोटी डॉलरवर पाणी सोडावं लागेल हे माहीत असूनही पुन्हा नकार दिला. आवाबाईंचं नाव महाराष्ट्रात किती शाळांत घेतलं जातं, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

क्लिंटन यांनी १९९३मध्ये नियम काढला. धाकट्या बुशनी २००१मध्ये आणला. ओबामांनी २००९मध्ये काढला. ट्रम्पनी २०१७मध्ये आणला आणि अमेरिकेच्या सगळ्या जागतिक आरोग्य मदतीला लावला. बायडेननी २०२१मध्ये काढला. ट्रम्पनी २०२५मध्ये परत आणला. दर वेळी जानेवारी, शपथविधीनंतरचे पहिले काही दिवस. वॉशिंग्टनमध्ये मतं मोजली जातात आणि मलावीतल्या दवाखान्यात कपाट रिकामं होतं.

या उघड-बंद खेळामुळे संशोधकांना तुलना करायची संधी मिळाली. नियम असलेली वर्षं, नसलेली वर्षं. अमेरिकी मदतीवर फार अवलंबून असलेले देश, फारसे नसलेले देश. नीना ब्रूक्स, एरन बेंडाविड आणि ग्रँट मिलर यांनी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या २६ देशांची १९९५ ते २०१४पर्यंतची माहिती तपासली आणि २०१९मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापली. नियम लागू असताना, मदतीवर जास्त अवलंबून असलेल्या देशांत आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर सुमारे १४ टक्क्यांनी घटला, गर्भधारणा १२ टक्क्यांनी वाढल्या आणि गर्भपात सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. नियम उठला की आकडे उलटे फिरले. कारण समजायला फार विचार करावा लागत नाही. गर्भपाताबद्दल बोलणाऱ्या संस्थाच त्या भागात गोळ्या आणि इंजेक्शनं पोहोचवत होत्या. त्यांचा पैसा गेला, साधनं गेली, दिवस राहिले.

गर्भपात थांबवण्यासाठी आणलेल्या नियमाने गर्भपात वाढवले. गर्भपाताला मनापासून विरोध असणाऱ्या माणसाची तर यावर झोप उडायला हवी होती. त्याचंच ध्येय तिथे हरलं आहे. २०११मध्ये याच गटातल्या संशोधकांनी २० देशांवर असाच अभ्यास करून असाच इशारा दिला होता. दोन्ही अभ्यास छापलेले, सर्वांना वाचायला खुले. २०२५च्या जानेवारीत सही करणाऱ्याने ते वाचले नाहीत, किंवा वाचून बाजूला ठेवले. यातलं जास्त वाईट कोणतं ते मला ठरवता येत नाही.

२००२चं प्रकरण तर आणखी उघड आहे. लोकसंख्या निधी चीनमधल्या सक्तीच्या गर्भपातांना हातभार लावतो, असा आरोप होता. बुश सरकारच्या परराष्ट्र खात्याने आपलं स्वतःचं पथक मे महिन्यात चीनला पाठवलं. पथकाने सांगितलं, निधी जाणूनबुजून सक्तीला मदत करतो असा पुरावा सापडला नाही, मंजूर झालेले ३ कोटी ४० लाख डॉलर द्यावेत. सरकारने दिले नाहीत. स्वतः नेमलेल्या पथकाचं मूल्यमापन स्वतःच नाकारलं. जेन रॉबर्ट्स आणि लोइस अब्राहम या दोन अमेरिकी बायकांनी तेव्हा देशवासीयांना एकेक डॉलर पाठवायचं आवाहन केलं. तीन कोटी चाळीस लाख माणसं, प्रत्येकी एक डॉलर. मला या दोघींबद्दल अपार आदर आहे, आणि सरकारचं काम नागरिकांना वर्गणीने करावं लागलं याचा संतापही आहे.

मग संयमाची शिकवण. आफ्रिकेतल्या एचआयव्हीविरोधी मदतीतून अमेरिकेने २००४ ते २०१३ या काळात १४० कोटी डॉलर ‘लग्नाआधी संबंध नको, लग्नानंतर एकनिष्ठा’ या प्रचारावर घातले. २००३च्या कायद्यातच तशी टक्केवारी ठरवून दिली होती. २०१६मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’मधल्या अभ्यासाने २२ देशांतली माहिती तपासली: मदत मिळालेले १४ देश आणि न मिळालेले ८. लैंगिक वर्तनात फरक दिसला नाही. पहिल्या संबंधाचं वय नाही, जोडीदारांची संख्या नाही, कोवळ्या वयातलं गरोदरपण नाही. १४० कोटी डॉलर गेले. त्या पैशाचा जाब कुणालाही विचारला गेला नाही.

ब्रिटनने निराळी वाट धरली. तिथे मोजलं, कळलं, आणि कळूनही कापलं. २०२१मध्ये मदतीचं प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यावरून ०.५वर आलं. लोकसंख्या निधीच्या साधनपुरवठ्याला कबूल केलेले १५ कोटी ४० लाख पौंड २ कोटी ३० लाखांवर आणले. ८५ टक्के कपात, आधी शब्द देऊन. पुढे २०२३मध्ये परराष्ट्र खात्याचंच एक मूल्यांकन संसदेच्या समितीमुळे बाहेर आलं. आफ्रिकेतल्या महिला आरोग्य कार्यक्रमाला कात्री लावली तर त्या कार्यक्रमामुळे टळणारे असुरक्षित गर्भपात सुमारे ३ लाखांवरून १ लाख १५ हजारांच्या आसपास घसरतील, असं अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं. म्हणजे जवळजवळ दोन लाख बायकांवर काय ओढवेल हे टेबलावर होतं. कात्री लागली. फेब्रुवारी २०२५मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी २०२७पर्यंत ०.३ टक्क्यावर उतरायचं जाहीर केलं, आणि ते मजूर पक्षाचे आहेत.

इथवर पैसे रोखणाऱ्यांबद्दल झालं. आता पैसे देणाऱ्यांकडे वळतो, कारण तिथेही मोजणी बाईपासून सुरू होत नाही.

१९९४च्या सप्टेंबरात कैरोला १७९ देशांनी मान्य केलं, की लोकसंख्येचा विषय आकड्यांचा नाही, बाईच्या हक्काचा आणि आरोग्याचा आहे. २०००पर्यंत वर्षाला १,७०० कोटी डॉलर लागतील, त्यातला एक तृतीयांश श्रीमंत देशांनी द्यावा, दोन तृतीयांश विकसनशील देशांनी स्वतः उभा करावा, असं ठरलं. तेव्हापासून दर वर्षी कुणी किती दिलं याच्या याद्या निघतात. याद्या हव्यातच, त्याशिवाय शब्द मोडणाऱ्याला पकडायचं कसं? पण यादीतली रक्कम कशी धरतात ते बघितलं की जपून बोलावं लागतं. मदतीच्या नोंदींत कुटुंब नियोजनाला वेगळा सांकेतांक आहे, प्रजनन आरोग्याला वेगळा, एचआयव्हीसह लैंगिक आजारांना वेगळा. २०१०मध्ये कॅनडातल्या मुस्कोका इथे जी-८ देशांनी माता-बालकांसाठी मोठ्या रकमेची घोषणा केली, आणि मोजायची जी पद्धत ठरवली तिच्यात पाणीपुरवठ्याच्या योजनेचाही ठरावीक टक्का माता-बाल आरोग्यात धरला जातो. पाणी आईला लागतं, कबूल. पण दवाखान्यात तांबी संपलेली असताना नळयोजनेचा टक्का धरून देणारा देश यादीत वर सरकत असेल, तर ती यादी देणाऱ्याच्या सोयीची आहे.

याहून मोठी अडचण मोजमापाच्या एककात आहे. कुटुंब नियोजनाच्या प्रकल्पांत ‘जोडपे-संरक्षण-वर्षे’ मोजतात. १२० निरोध वाटले की एक वर्ष. गोळ्यांची १५ पाकिटं, एक वर्ष. दहा वर्षांची तांबी बसवली की ४.६ वर्षं, एका झटक्यात. नसबंदीला जगभर १० वर्षं धरतात, भारतासाठी १३. हिशेब म्हणून यात गैर काही नाही. पण तिमाही अहवाल भरणाऱ्या व्यवस्थापकाच्या जागी बसून बघा. समोर वीस वर्षांची मुलगी आली आहे, तिला गोळ्या हव्या आहेत. तिला काडी बसवली तर अहवालात कितीतरी वर्षं जमा होतात, गोळ्या दिल्या तर जेमतेम काही महिने. पुढच्या वर्षीचं अनुदान त्या अहवालावर आहे. त्या मुलीला कोणता सल्ला मिळेल?

हा नुसता तर्क नाही. ली सेंडरोविच यांनी २०१९मध्ये एका आफ्रिकी देशातल्या बायकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. काही जणींना एकाच साधनाची माहिती दिली होती. काहींना घाबरवलं होतं. काहींनी काडी किंवा तांबी काढून मागितली तर नर्सने काढून दिली नाही. बसवल्याची नोंद होते, काढल्याची होत नाही. ज्या कामाची नोंद नाही त्याला वेळ नाही, पैसा नाही, प्रशिक्षणही नाही. २०१३मध्ये देणगीदारांनी मोठ्या खरेदीची हमी देऊन काडीची किंमत १८ डॉलरवरून ८.५० डॉलरवर आणली, ते उत्तम काम झालं, पैसा असाच वापरावा. पण जी हमी काडी बसवायला दिली, तीच काढायलाही द्यायला हवी होती.

आपल्याला हे कुणी आफ्रिकेतून येऊन शिकवायची गरज नव्हती. १९७२पासून जागतिक बँक आणि स्वीडन भारताच्या लोकसंख्या प्रकल्पाला पैसा देत होते. १९७६–७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या ६२ लाख पुरुषांच्या. शिक्षकांना टार्गेट, तलाठ्यांना टार्गेट, पगार अडवलेले. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं पहिलं राज्य आपला महाराष्ट्र होता. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. हे सगळं चालू असताना, नोव्हेंबर १९७६मध्ये, जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनमारा भारतात आले आणि सरकारच्या इच्छाशक्तीची तारीफ करून गेले. त्यांच्या मापाने कार्यक्रम यशस्वी होता. आकडा वाढत होता.

त्या यशाची किंमत बायका अजून मोजताहेत. पुरुष तेव्हा जो पळाला तो परत आला नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांत शस्त्रक्रिया झालेल्या ३७.९ टक्के, आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. १९९६मध्ये सरकारने कागदावर टार्गेट बंद केलं. नोव्हेंबर २०१४मध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका सर्जनने एका दिवसात ८३ बायकांची ऑपरेशनं केली. तिथल्या शिबिरांनंतर तेरा जणी मेल्या. त्याच सर्जनचा त्याच वर्षी ५० हजार शस्त्रक्रियांबद्दल राज्य सरकारने गौरव केला होता. तो गौरव आणि ते मृत्यू मला वेगळे काढता येत नाहीत. २०१६मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरं बंद करा, असा आदेश दिला.

म्हणून पैसा थांबवा असं मी म्हणणार नाही. कुठला पैसा चालतो हे शोधायचं असेल तर बांगलादेशातल्या चांदपूर जिल्ह्यातल्या मतलबला जा. कॉलऱ्याच्या संशोधनासाठी तिथे एक प्रयोगशाळा साठच्या दशकापासून गावोगावची जन्म-मृत्यूची नोंद ठेवत होती. १९७५मध्ये त्यांनी ठरवलं, घरोघर गोळ्या आणि निरोध फुकट वाटायचे. वाटप करायला गावातल्या वयस्क, निरक्षर बायका नेमल्या. सुरुवातीला वापर वाढला, मग घसरला. मळमळ झाली, चक्कर आली, पाळी बिघडली, विचारायचं कुणाला? वाटणारीला उत्तर माहीत नव्हतं. बायकांनी गोळ्या टाकून दिल्या.

तिथे लोक थांबले नाहीत आणि अपयश लपवलंही नाही. १९७७मध्ये निम्म्या गावांत नवा कार्यक्रम सुरू केला, उरलेली गावं तुलनेसाठी नेहमीच्या सरकारी सेवेवर ठेवली. या वेळी ८० तरुण, शिकलेल्या, लग्न झालेल्या, स्वतः साधन वापरणाऱ्या स्थानिक मुली नेमल्या. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी फेरी. गोळी नको तर इंजेक्शन, ते नको तर तांबी, तीही नको तर काही नाही. त्रास झाला तर मागे दवाखाना उभा. दीडेक वर्षात साधनं वापरणाऱ्यांचं प्रमाण सातेक टक्क्यांवरून तीस टक्क्यांच्या आसपास गेलं. कार्यक्रमाच्या गावांत मुलं कमी झाली. वीस वर्षांनंतरच्या पाहणीत त्या गावांतल्या बायकांचं वजन बरं होतं आणि मुलं जगायचं प्रमाण जास्त होतं. जिथे १९७५ला साधनं टाकून दिली तिथेच दोन वर्षांनी ती स्वीकारली गेली. मधल्या काळात दारात येणारी बाई बदलली, निवडायला साधनं वाढली, मागे दवाखाना आला, आणि नाही म्हणायची मोकळीक मिळाली.

मतलबमुळे आपल्याला हे माहीत आहे, कारण तिथे पैसा यायच्या आधीपासून मोजणारे बसले होते.

ब्रिटनकडेही अशी माणसं आहेत. मदतीच्या परिणामांची तपासणी करणारा तिथला स्वतंत्र आयोग थेट संसदेला उत्तरदायी आहे. २०१८मध्ये त्याने मातृ-आरोग्यावरच्या ब्रिटिश मदतीला चारांतली खालून दुसरी श्रेणी दिली. साधनांची उपलब्धता वाढवायला मदतीने मोठा हातभार लावला हे मान्य केलं, पण बाळंतपणाच्या सेवेच्या दर्जाकडे आणि गरीब बायकांपर्यंत पोहोचण्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही, असं स्पष्ट सांगितलं. आपल्याच सरकारला असं सुनावणारी यंत्रणा सरकारी खर्चाने चालते, ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सगळ्यात दिलासा देणारी वाटते.

आणि त्यामुळेच २०२५चा एक निर्णय गीलच्या गोदामापेक्षा जास्त खुपतो. फेब्रुवारीत अमेरिकेने लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणाचा कार्यक्रमच बंद केला. १९८४पासून ९०हून अधिक देशांत ४००च्या वर पाहण्या या कार्यक्रमाने केल्या. प्रशिक्षित बाई घरात जाते, दार लावून बसते, आणि विचारते: तुला आणखी मूल हवंय का? आता काही वापरतेस का? ते देताना दुसऱ्या साधनांबद्दल सांगितलं होतं का? त्रास होऊ शकतो हे सांगितलं होतं का? झाला तर काय करायचं हे सांगितलं होतं का? वर ज्या २६ देशांच्या अभ्यासाबद्दल लिहिलं, त्याचा पाया हीच माहिती आहे. संयमाच्या प्रचाराचं अपयश उघडं पडलं ते याच माहितीतून. या पाहण्या नसत्या तर दोन्ही सरकारी दावे आज खरे म्हणून फिरत असते. गेट्स फाउंडेशनने चालू पाहण्या पूर्ण व्हाव्यात म्हणून तात्पुरता पैसा दिला. तो संपला की पुढच्या कपातीने किती बायका मेल्या हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. कापणाऱ्याला याहून मोठी सोय कुठली?

इथे भारताने पुढे यायला हवं, आणि त्यासाठी लागणारी संस्था मुंबईतच आहे. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६मध्ये भारत सरकार, दोराबजी टाटा ट्रस्ट आणि संयुक्त राष्ट्रं यांनी मिळून उभी केली. आशिया-प्रशांत भागातल्या देशांचे लोकसंख्याशास्त्रज्ञ तिने घडवले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२ ते २०२१ या काळातल्या पाच फेऱ्या तिने सांभाळल्या. पहिली अमेरिकेच्या पैशावर झाली. पाचवीत ६ लाख ३७ हजार घरं आणि ७ लाख २४ हजार बायका होत्या. त्याच पाहणीने सांगितलं की साधन वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांनाच त्याच्या दुष्परिणामांची कल्पना कुणी दिली होती. सरकारला अवघड जाणारा आकडा सरकारी पाहणीत छापला गेला, हे या संस्थेचं मोल. २०२३मध्ये तिच्या संचालकांना निलंबित केलं गेलं तेव्हा देशभरच्या अभ्यासकांना धास्ती वाटली ती याच स्वायत्ततेची.

नेपाळ, केनिया, टांझानिया, मलावी यांच्या पुढच्या पाहण्यांना पैसा आणि प्रशिक्षण दिल्लीने द्यावं, देवनारने ते काम चालवावं. प्रश्नावलीत एक ओळ वाढवावी: काढून मागितलंस तेव्हा काढून दिलं का? खर्च एखाद्या मोठ्या उड्डाणपुलापेक्षा कमी येईल. सरकारने संस्थेच्या आकड्यांत हात घालणार नाही असं लेखी द्यावं, आणि पुढच्या अर्थसंकल्पात आरोग्य खात्याखाली या कामासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं.